मेल्यावर कळतं का? जाणीव, झोप आणि ध्यानाची खोली

मामाच्या दहाव्याला आम्ही चांदोदला गेलो होतो. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती असा तिथे त्रिवेणी संगम मानतात, आणि बडोद्यातली कितीतरी मराठी घरं पिंडदानासाठी तिकडेच जातात. पिंड मांडून झाले, आम्ही मागे सरलो, आणि कावळा येईना. समोरच्या भिंतीवर तीन बसलेले, पण एकही खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. घराचं काम पुरं करू. नातीचं शिक्षण अडू देणार नाही. मामेभाऊ नुसता हात जोडून उभा होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेवटी मामी पुढे झाली आणि म्हणाली, "माझी काळजी करू नका, मी नीट जेवते आहे." कावळा उतरला.

परतताना डभोई मागे पडल्यावर मामेभावाने गाडीत हळूच विचारलं, "ताई, तू इतकी वर्षं ध्यानाला बसतेस. खरं सांग, आई काय म्हणाली ते बाबांना कळलं असेल का गं?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. मी त्याचा हात धरला, एवढंच. शाळेत पंचवीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं पहाटे आसनावर बसते आहे. त्या दोन्ही वाटांवर जे हाती लागलं ते जोडून त्याला सांगायला हवं होतं. ते इथे सांगते.

आधी त्याचा प्रश्न नीट उलगडून घेऊ. "बाबांना कळलं का" यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला असा की, शरीर गेल्यावर जाणीव म्हणून काही उरतं का? आणि दुसरा असा की, जे उरतं त्याला "मी अमुक, ही माझी बायको, तो माझा मुलगा" ही ओळख असते का? आपण दोन्ही एकच धरून चालतो. घरातलं माणूस गेलं की आपल्याला नुसतं चैतन्य नको असतं, आपल्याला ओळखणारं, आपल्या हाकेला ओ देणारं माणूस हवं असतं. त्यात चूक काही नाही. पण उत्तर शोधायचं तर हे दोन धागे वेगळे करावेच लागतात.

ही वेगळेपणाची गोष्ट फार जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी बायकांमध्ये संपत्तीची वाटणी करायला बघतो. मैत्रेयी विचारते, या धनाने मी अमर होईन का? तो सरळ सांगतो, नाही. मग मला ते दे, ज्याने मी अमर होईन, असं ती म्हणते, आणि संवाद सुरू होतो. त्यात तो मिठाच्या खड्याचा दाखला देतो. खडा पाण्यात विरघळला की वेगळा काढता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखा, खारटच लागतं. आणि पुढे म्हणतो, "न प्रेत्य संज्ञास्ति", गेल्यावर संज्ञा, म्हणजे "मी अमुक" ही ओळख, उरत नाही. मैत्रेयी गोंधळते. आत्ता अमरत्व सांगत होतास, आणि आता म्हणतोस काही कळत नाही? मला ही बाई फार जवळची वाटते, कारण गाडीतला माझा मामेभाऊ हेच विचारत होता. याज्ञवल्क्य तिला समजावतो की, जिथे दोन असतात तिथे एकाला दुसरा दिसतो, एक दुसऱ्याचं ऐकतो. जिथे दोनपणच मावळलं तिथे कोणी कोणाला कशाने ओळखायचं? म्हणजे त्याच्या मते जाणिवेचा उजेड विझत नाही, त्या उजेडात उभी असलेली ओळख विझते.

हे झालं त्याचं म्हणणं. आता हॉस्पिटलच्या खाटेकडे येऊ.

हृदय थांबलं की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. साधारण दहा ते वीस सेकंदांत शुद्ध हरपते, आणि लवकरच मेंदूच्या विद्युत लहरी दाखवणाऱ्या आलेखावरच्या रेषा सपाट होऊ लागतात. पण म्हणून पेशी लगेच मरत नाहीत. येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी, एक खास द्रव फिरवला. काही पेशींचं काम पुन्हा सुरू झालं. जाणिवेशी जोडता येईल अशी एकसंध विद्युत हालचाल मात्र दिसली नाही. यातून एवढं पक्कं कळतं की मरण हा दिव्याचं बटण दाबल्यासारखा क्षण नाही. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात काय घडतं हे आता कुठे नीट पाहिलं जातं आहे.

मरणाच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव आपण सगळ्यांनी ऐकलेले असतात. उजेड दिसला, स्वतःचं शरीर वरून दिसलं, गेलेली माणसं भेटली, परत यावंसं वाटत नव्हतं. यांचा शिस्तीत अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा रुग्णालयांतल्या ३४४ रुग्णांशी बोलून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. हृदय बंद पडून वाचलेल्या या लोकांपैकी ६२ जणांना, म्हणजे शंभरात अठरांना, असा अनुभव आठवत होता. उरलेल्यांना काहीच नाही. सॅम पार्निया यांच्या गटाने २०१४ मध्ये हृदय बंद पडण्याच्या २०६० प्रसंगांचा अभ्यास छापला. त्यांनी काही वॉर्डांत छताजवळच्या फळ्यांवर अशी चित्रं ठेवली होती जी फक्त वरूनच दिसतील. कोणी खरंच वर तरंगत असेल तर चित्र सांगेल, अशी साधी, प्रामाणिक कल्पना. पण बहुतेक प्रसंग फळ्या नसलेल्या ठिकाणी घडले. आजूबाजूला काय चाललं होतं हे नंतर पडताळून जुळलं असा एकच माणूस निघाला. याच संशोधकांच्या २०२३ च्या अभ्यासात ५६७ पैकी ५३ जण वाचले, २८ जणांशी बोलता आलं, आणि ११ जणांनी त्या वेळच्या काही आठवणी सांगितल्या. दाखवलेलं चित्र कोणीही ओळखलं नाही. मात्र छाती दाबून हृदय सुरू करण्याचे प्रयत्न चालू असताना, तासाभरापर्यंतसुद्धा, काही रुग्णांच्या मेंदूत जागेपणीसारख्या लहरी मधूनच उमटल्या. त्याच वर्षी मिशिगनच्या संशोधकांनी, कृत्रिम श्वास काढून घेतलेल्या चार मरणासन्न रुग्णांपैकी दोघांच्या मेंदूत अखेरच्या वेळी अतिवेगवान लहरींची उसळी नोंदवली. त्या दोघांना काय जाणवलं हे विचारायला ते परत आले नाहीत.

या आकड्यांपुढे मी बराच काळ बसले आहे. मला त्यात दोन्ही बाजूंची घाई दिसते. "आत्मा सिद्ध झाला" म्हणणारे हे विसरतात की परत आलेला माणूस उंबरठ्यापर्यंत जाऊन आला, उंबरठा ओलांडून आला नाही. शिवाय ती आठवण नेमक्या कोणत्या मिनिटाला तयार झाली, मेंदू शांत असताना की तो पुन्हा जागा होताना, हे सांगता येत नाही. आणि "ऑक्सिजन कमी पडला, भास झाला, विषय संपला" म्हणणारेही घाईच करतात. ऑक्सिजन कमी पडलेल्या मेंदूत सहसा गोंधळ माजतो, माणूस बरळतो. या आठवणी उलट स्वच्छ, क्रमवार असतात आणि वर्षानुवर्षं पुसल्या जात नाहीत. लोमेल यांनी त्याच लोकांना दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनी पुन्हा गाठलं, तेव्हा त्यांची मरणाची भीती ओसरलेली होती.

लहान मुलांनी सांगितलेल्या पूर्वजन्माच्या आठवणींची गोष्ट मी थोडक्यात आटोपते. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन १९६१ मध्ये त्यासाठी प्रथम भारतात आले, आणि त्यांच्या विभागाकडे आज अडीच हजारांहून जास्त नोंदी आहेत. काही खरोखर चक्रावून टाकतात. पण बऱ्याच ठिकाणी दोन्ही कुटुंबं आधीच भेटून बोललेली असतात, आणि मग मुलाने स्वतः काय सांगितलं आणि मोठ्यांच्या बोलण्यातून त्यात काय मिसळलं हे निवडणं कठीण होतं.

यापेक्षा तुकदामचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो थेट ध्यानाशी निगडित आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत काही साधक मृत्यूनंतरही ध्यानात राहतात असं मानतात. दिवसेंदिवस देह बिघडत नाही, चेहरा टवटवीत राहतो. त्याला तुकदाम म्हणतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ध्यानाविषयी आस्था असलेल्याच शास्त्रज्ञांनी भारतात अशा देहांच्या मेंदूलहरी तपासल्या आणि २०२१ मध्ये लिहिलं की, ओळखता येईल अशी एकही लहर मिळाली नाही. हवं होतं ते सापडलं नाही, आणि त्यांनी ते तसंच छापलं. तुकदाम खोटं आहे असं यातून ठरत नाही. जे काही आहे ते मेंदूच्या लहरींत उमटत नाही, इतकंच ठरतं.

म्हणजे बाहेरून पाहून आज हा प्रश्न सुटत नाही. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो आणि तिसरा वर म्हणून हेच मागतो: माणूस गेल्यावर कोणी म्हणतात तो आहे, कोणी म्हणतात नाही, मला खरं काय ते सांग. यम म्हणतो, देवांनाही पूर्वी इथे शंकाच होती, दुसरं काही माग. हत्ती, घोडे, सोनं, हवं तितकं आयुष्य देऊ करतो. पोरगा हटत नाही. आणि मग यम माहिती पुरवत नाही, साधना सांगतो. शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. डोळे बाहेरच पाहतात, एखादाच धीराचा माणूस नजर आत वळवतो. मृत्यूच्या देवतेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ध्यानाच्या पाठात मिळतं, हे मला तरुणपणी टाळाटाळ वाटायचं. आता वाटत नाही. कारण ज्या दोन धाग्यांचं मी वर बोलले, ते आपल्याला मरणाआधीच सुटे करून पाहता येतात, आणि रोज पाहता येतात.

रोज रात्री आपली ओळख मावळते. नाव, नातं, वय, दुखणारा गुडघा, बँकेचा हप्ता, सगळं जातं. मांडूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं आहे, आणि ते जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप या तीन अवस्था मांडून चौथ्याकडे बोट दाखवतं, जो या तिन्हींत आहे आणि तिन्हींपैकी कोणीच नाही. अद्वैतवाले, म्हणजे सगळ्यांत एकच चैतन्य मानणारे वेदान्ती, एक युक्तिवाद करतात. गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, "छान झोप लागली, काहीच कळलं नाही." काहीच कळलं नाही, हे ज्याला कळलं तो कोण? नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, त्यावर चोख उत्तर दिलं आहे. त्यांच्या मते ती आठवण नाहीच, उठल्यावर ताजंतवानं वाटतं त्यावरून काढलेलं अनुमान आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी भक्कम आहेत, आणि वाद घालून हे मिटत नाही. झोपेत जाताना आणि झोपेतून येताना जागं राहून पाहावं लागतं. त्यासाठी ध्यान खोल व्हावं लागतं.

खोल म्हणजे काय, हे आमच्या बडोद्यात घडलेल्या एका प्रसंगातून मला नीट समजलं. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे होते, बडोदा कॉलेजात शिकवायचे. दांडिया बाजारातलं त्यांचं निवासस्थान आजही ध्यानाला बसायला खुलं असतं. चांदोदच्या स्वामी ब्रह्मानंदांचे एक शिष्य देवधर नावाचे इंजिनिअर होते, त्यांच्याकडून ते प्राणायाम शिकले आणि दिवसाला पाच-सहा तास करू लागले. प्रकृती सुधारली, कविता झरझर सुचू लागल्या. पण पुढे सगळं अडलं. मग १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये फूट पडली, तिथून ते बडोद्याला आले आणि त्यांच्या भावाने विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याला ग्वाल्हेरहून बोलावून घेतलं. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत दोघे बसले. लेल्यांनी सांगितलेली गोष्ट इतकीशीच होती: विचार करू नका, नुसतं मनाकडे पाहा. विचार बाहेरून आत येताना दिसतील. आत शिरायच्या आधीच त्यांना परतवा. तीन दिवसांत अरविंदांचं मन निःशब्द झालं, आणि ती शांतता पुढे टिकली.

तासन्‌तास प्राणायाम करून जे झालं नाही ते तीन दिवसांत झालं, यावरून प्राणायाम फुकट गेला असं कोणी समजू नये. जमीन नांगरलेली होती. पण पहिल्या टप्प्यात ते काहीतरी करत होते, मिळवत होते. दुसऱ्यात त्यांनी करणं थांबवलं. आपण दहा-पंधरा वर्षं बसूनही जिथल्या तिथे राहतो त्याचं कारण बहुधा हेच असतं की आपण पहिल्याच टप्प्यात आणखी भर घालत बसतो. आणखी एक मंत्र, आणखी एक शिबिर, आणखी एक ॲप.

"परतवा" या शब्दाने मात्र नवखा माणूस फसतो, मीही फसले होते. मी विचारांशी हातघाईवर यायचे आणि उठताना थकलेली असायचे. मग एकदा दुपारी आमच्या पोळीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, घराच्या ओट्यावर बसले असताना उलगडा झाला. भाजीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, जात होत्या. लारीवाला ओरडतो, आपण ऐकतो, तो पुढे जातो. "भेंडी काय भाव?" एवढं तोंडातून निघालं की लारी थांबते, मग घासाघीस, मग सुटे पैसे. विचाराचंही असंच आहे. भाव विचारला नाही की लारी थांबत नाही. त्याला हाकलण्याची गरज नाही आणि तो येऊच नये असा हट्टही नको.

बसण्याचं बाकीचं साधं आहे, पटकन सांगते. रोज एकच वेळ, एकच जागा. पतंजली म्हणतात, अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि सत्काराने केला तर पाय रोवतो. सत्कार म्हणजे पाहुणा येणार असल्यासारखी तयारी: तोंड धुतलेलं, जागा झाडलेली, फोन दुसऱ्या खोलीत. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. जेवणानंतर दोन-अडीच तास जाऊ द्यावेत. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालेल, पाठ ताठ आणि पाऊल जमिनीला टेकलेलं हवं. सुरुवातीची पाच मिनिटं श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवावं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीर स्वतःहून निवतं. नंतर श्वासालाही मोकळं सोडावं आणि नुसतं पाहावं.

खरी खोली याच्या पुढे सुरू होते, आणि तिथे काय अडतं हे मांडूक्य उपनिषदावरच्या श्लोकबद्ध कारिकांत जुने वेदान्ती आचार्य गौडपाद यांनी जितकं नेमकं सांगितलं आहे तितकं मला दुसरीकडे सापडलं नाही. दोन श्लोक आहेत. त्यांतून पुढच्या वेदान्त्यांनी चार अडथळे मोजले: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. विक्षेप म्हणजे वरच्या लाऱ्या, तो सगळ्यांना ओळखीचा. लय फसवा आहे. मन शांत होतं, वेळ कळत नाही, हनुवटी छातीवर येते, आणि उठल्यावर आपण म्हणतो, आज काय खोल लागलं! ती पेंग असते. ओळखायची खूण सोपी आहे: उठल्यावर नजर स्वच्छ आहे की जड? जड असेल तर तो लय होता. गौडपाद म्हणतात, लयात चित्ताला जागं करा. डोळे अर्धे उघडा, पाठ सरळ करा, उभं राहून पाच मिनिटं बसल्यासारखंच पाहा, आणि रात्रीची झोप पुरी घ्या. पाच तास झोपून पहाटे चारला बसणारे बरेच साधक प्रत्यक्षात आसनावर राहिलेली झोप पुरी करत असतात.

कषाय म्हणजे तळाशी बसलेला जुना गाळ. वरवर सारं शांत, पण छातीत काहीतरी आवळलेलं, कारण नसताना रडू. पाणी स्थिर झाल्यावरच तळ दिसतो, तसं ते आहे. इथे उपाय फक्त "विजानीयात्", जाणून घ्या. ढवळू नका, त्याची गोष्टही रचू नका. मामा गेल्यावर पंधरा दिवस मी बसायचे ती फक्त या गाळासोबत. त्यालाही ध्यानच म्हणायचं.

रसास्वाद सगळ्यात गोड अडथळा. उजेड दिसतो, आतून नाद ऐकू येतो, अंग हलकं होतं, आनंद दाटतो. दुसऱ्या दिवशी आपण तेच शोधत बसतो, आणि जे शोधतो तेच त्या दिवशी येत नाही. "नास्वादयेत् सुखं तत्र", तिथल्या सुखाची चव घेत बसू नका. गेलेल्या माणसाचं दर्शन झालं, त्याचा आवाज ऐकू आला, असेही अनुभव येतात. अरविंदांनी स्वतः सांगून ठेवलं आहे की अलीपूरच्या तुरुंगात ध्यानात असताना पंधरवडाभर त्यांना विवेकानंदांचा आवाज ऐकू येत होता. विवेकानंदांना जाऊन तोवर सहा-एक वर्षं झाली होती. साधनेच्या एका ठरावीक भागाविषयी तो आवाज बोलला, आणि सांगणं पुरं होताच थांबला. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण ती त्यांची अनुभूती आहे, माझा पुरावा नव्हे. माझ्या ध्यानात मामा दिसला तर मी नमस्कार करीन आणि पुन्हा श्वासाकडे वळेन. तो मामा होता की माझी माया, हे त्या क्षणी ठरवायला गेले तर ध्यान मोडेल आणि उत्तरही मिळणार नाही.

आणि त्या श्लोकांतलं मला सर्वांत प्रिय वाक्य: "समप्राप्तं न चालयेत्". मन समेवर आलं की त्याला हलवू नका. विरजण लावलेलं भांडं जसं आपण कोपऱ्यात ठेवतो आणि दर तासाला झाकण काढून बघत नाही, तसं. "लागलं का ध्यान?" हा विचार म्हणजे त्या भांड्यात घातलेला चमचा. आपल्यापैकी बहुतेकांचं दही याच चमच्याने मोडतं.

इतकं स्थिरावलं की मग झोपेच्या कडा पाहायला घ्या. रात्री आडवं पडल्यावर श्वास सुटतो ती जागा पाहत राहा. विचारांची चित्रं होऊ लागतात, वाक्यं अर्धवट तुटतात, हातपाय कुठे आहेत ते कळेनासं होतं. कित्येक महिने फक्त इतकंच दिसतं आणि मग झोप लागते. हरकत नाही. सकाळी मात्र दार लवकर उघडतं. जाग आल्या आल्या क्षणभर असं असतं की जाणीव आहे, पण अजून "मी" आलेला नाही. खोली कुठली, वार कोणता, मी कोण, काहीच नाही. नुसतं असणं. मग एकेक करून नाव येतं, वय येतं, कालचं भांडण येतं. ओळखीवाचून जाणीव असू शकते, हे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. याज्ञवल्क्याचे दोन धागे सुटे झालेले असतात.

यातून मेंदूवाचून जाणीव उरते हे सिद्ध होत नाही, झोपेत मेंदू चालूच असतो. पण मरणाची भीती नेमकी कशाची, हे इथे कळू लागतं. पतंजलींनी अभिनिवेश म्हटलं आहे ती जगण्याची चिकाटी विद्वानालाही सुटत नाही असं तेच म्हणतात, आणि ती चिकटलेली असते ओळखीला. १८९६ मध्ये मदुराईत सोळा वर्षांच्या एका मुलाला अचानक मरणाची भीती वाटली. तो पळाला नाही. प्रेतासारखा ताठ आडवा पडला, ओठ मिटले, श्वास रोखला आणि आत पाहिलं की हा देह मेला, तर मीही मेलो का? तेच पुढे रमण महर्षी म्हणून ओळखले गेले. आपण श्वास बिस रोखायला जाऊ नये. शवासनात दहा मिनिटं पडून एकेक ओळख मनातून खाली ठेवावी: शिक्षिका, आई, बडोदेकर, अमक्या आडनावाची. आणि बघावं, काय उरतं. भीती वाटली तर डोळे उघडून खिडकीबाहेर पाहावं, घाई कसली नाही. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे, ज्यांना नैराश्य किंवा घबराटीचे झटके आहेत, झोप उडाली आहे, त्यांनी हे करूच नये. त्यांनी माणसांत राहावं, चालायला जावं, डॉक्टरांना दाखवावं. ध्यान थांबू शकतं.

मामेभावाला म्हणूनच मी यातलं काही शिकवलं नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. म्हणाला, "ताई, सकाळी डोळे उघडले की एक क्षण काहीच नसतं. बरं वाटतं. मग एकदम आठवतं की बाबा नाहीत, आणि सगळं पुन्हा अंगावर येतं. त्या आधीच्या क्षणाची मला लाज वाटते गं. मी त्यांना विसरलो कसा?"

मी म्हटलं, "अरे, तू त्यांना विसरत नाहीस. त्या क्षणी तू स्वतःलाही आठवत नसतोस. उद्या सकाळी लगेच उठू नकोस, तसाच पडून राहा."

"आणि काय करू?"

"काही करू नकोस. आठवण येईल, तेव्हा येऊ दे. मग चहा ठेव. मामी सहाला उठते, तिलाही दे."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मागून मामीचा आवाज आला, दूधवाला आलाय रे, म्हणून. "ठेवतो, ताई," म्हणाला, आणि पातेलं घेऊन दाराकडे गेल्याचा आवाज मला फोन बंद होईपर्यंत ऐकू येत होता.